पितळी पट्टीचा बाक

मी एक जुना महोगनीचा बाक आहे. ब्रिटिश साम्राज्याचा भार मी माझ्या अंगावर पेलला आहे. मित्रांनो, वाक्य मोठं वाटलं तरी घाबरू नका. अर्थ एवढाच, की साम्राज्य चालवणारी माणसं दर रविवारी सकाळी माझ्यावर बसायची. त्यातली काही चांगलीच वजनदार होती.

इंग्लंडमधल्या बाकाला मराठी कशी येते, असं तुम्ही विचाराल. मी सध्या ज्या हॉलमध्ये राहतो, तो लंडनजवळ हाउन्सलोला आहे. रविवारी सकाळी तिथे जमैकाहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना असते आणि दुपारी महाराष्ट्रातल्या बौद्ध मंडळींची वंदना. दोन्हीकडचे लोक मनसोक्त बोलतात, आणि मला मधेच उठून जाता येत नाही. भाषा अशाच शिकल्या जातात.

आता माझ्या जन्माविषयी. जन्माच्या वेळचं कुणालाच काही आठवत नसतं. लहानपणापासून जे कानावर पडलं तेच आपण पुढे सांगतो. माझ्या कानावर पडलं ते असं, की मी जमैकाच्या डोंगरात एक उंच झाड होतो. मळ्यावरच्या गुलामांनी मला तोडलं. त्यांना तोडायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि मला तुटायचं होतं का, हेही कुणी विचारलं नाही. आमची बरोबरी तिथेच संपली. पुढे मला पॉलिश मिळालं.

जहाजातून मी इंग्लंडला आलो. सुताराने रंधा मारला, आणि एका दगडी चर्चमध्ये पहिल्या रांगेत माझी स्थापना झाली. चर्चचं नाव सांगत नाही, काही मंडळी अजून हयात आहेत. बसणाऱ्याची पाठ टेकते तिथे, बरोबर मधोमध, एक पितळेची पट्टी ठोकली गेली. तिच्यावर कोरलं होतं, 'जमैकाचे मळेवाले जोसाया थॉर्नबरी यांच्या स्मरणार्थ. आपल्या सेवकांना ते पित्यासमान होते.'

'सेवक' हा शब्द पितळेवर फार शोभून दिसतो. पुढे गुलामी बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली. ती पित्याच्या घराण्याला दिली, लेकरांना नाही.

त्या काळी पाद्री लोक इथून जमैकाला जात आणि मळ्यावरच्या लोकांना धर्म शिकवत. धर्म तोच होता, फक्त थोडा निवडून दिलेला. मालकाची आज्ञा पाळावी, हा भाग पहिल्याच दिवशी व्हायचा. देवाने गुलामांना मिसर देशातून सोडवून नेलं, ही गोष्ट पुढच्या धड्यात घेऊ, असं सांगायचे. तो पुढचा धडा यायला फार उशीर झाला.

माझे दिवस मात्र सुखात चालले होते. शनिवारी दोन बायका येऊन मला मेण लावत. "असलं लाकूड आता मिळत नाही हो," असं एक म्हणे, आणि दुसरी मान डोलावी. मीही मनातल्या मनात डोलायचो. थॉर्नबरी घराण्यासाठी मी राखीव होतो. त्या घराण्यातलं शेवटचं माणूस पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वॉरविकशरला राहायला गेलं ते पुन्हा फिरकलं नाही. तरी मी राखीवच राहिलो. इंग्लंडमध्ये माणूस जातो, जागा जात नाही.

मग १९५७च्या हिवाळ्यात एका रविवारी युलाली ग्रँट आल्या.

युलालीबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. नर्सिंग शिकायला आल्या होत्या. जमैकातल्या त्यांच्या गावी ह्याच पंथाचं चर्च होतं, तीच गाणी, तीच प्रार्थना. इंग्लंड म्हणजे आपल्या चर्चचं माहेर, असं त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं. त्यामुळे त्या माहेरी आल्यासारख्या आल्या. डोक्यावर पिवळी हॅट, हातांत पांढरे हातमोजे. पहिली रांग रिकामी दिसली, म्हणून सरळ येऊन माझ्यावर बसल्या.

चर्चचे एक कारभारी वाकून हळूच म्हणाले, "माफ करा, ही जागा राखीव आहे."

युलालीबाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. संपूर्ण बाकावर त्या आणि थंडी. "कुणासाठी?"

"थॉर्नबरी कुटुंबासाठी."

त्या उठल्या. उठताना त्यांनी एक गोष्ट केली, ती मी विसरलेलो नाही. गुडघे टेकायची उशी त्यांच्या पायाने जरा सरकली होती, ती त्यांनी वाकून होती तशी ठेवली. कुणी बसलंच नव्हतं असं वाटावं, इतकी नीट. मग त्या मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची आणायला निघालं, तर म्हणाल्या, "नको, मी उभीच बरी आहे." प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी दारात हसून हात मिळवला आणि तुमच्या लोकांबरोबर तुम्हाला अधिक मोकळं वाटेल, असं प्रेमाने सुचवलं. देव सर्वत्र आहे, हे ते आतमध्ये नुकतंच सांगून आले होते.

युलालीबाईंनी ते मनावर घेतलं. आधी त्यांच्या भाड्याच्या खोलीत रॉकेलच्या शेगडीभोवती सात-आठ जण प्रार्थना करू लागले. मग एका शाळेच्या जेवणघरात. शेवटी पत्र्याच्या छपराचा हा हॉल मिळाला. पास्टर म्हणून एव्हरार्ड बेनेट यांना नेमलं. ते आठवडाभर बस चालवत आणि रविवारी चर्च. दोन्हीकडे एकच तक्रार करत, लोक पुढे सरकत नाहीत.

इकडे दगडी चर्चमध्ये माणसं कमी होत गेली. मेण लावणाऱ्या बायका वारल्या. माझ्यावर धूळ बसली, कबुतरं बसली, आणि त्यांनी मागे काय ठेवलं ते सांगण्यासारखं नाही. १९८४मध्ये चर्च विकलं गेलं. तिथे आता फ्लॅट आहेत. सामान फुकट न्या म्हणाले, तेव्हा पास्टर बेनेट कुणाची तरी व्हॅन घेऊन आले. आत खूप बाक होते. पण युलालीबाई व्हॅनमधून उतरल्या, पट्ट्या वाचत वाचत पुढे आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"हाच," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, हॉलमध्ये मला पुन्हा पहिली रांग मिळाली. पहिल्या रविवारी युलालीबाई माझ्या एका टोकाला बसल्या आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी आपली काळी हँडबॅग ठेवली. मधे पट्टी. पाच माणसांची जागा बाई आणि बॅग यांच्यात भरून गेली. पुढच्या रविवारी तेच. कुणी तसा ठराव केला नव्हता. पण नवीन कुणी चुकून माझ्याकडे वळलं, की ब्रदर सेसिल, पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारे सद्गृहस्थ, वाकून हळूच म्हणत, "माफ करा, ही जागा सिस्टर युलालींची आहे." अगदी प्रेमाने.

मला नवल वाटलं नाही. मला राखीव राहायची सवय होती.

अशी सात वर्षं गेली आणि पास्टर बेनेट यांची मुलगी मार्व्हा एडिनबराहून सुटीला आली. ती तिथे धर्मशास्त्र शिकत होती. धर्मशास्त्र शिकलेली माणसं घरी आली की आधी भिंतींकडे बघतात. तिने भिंतीवरचा निळ्या डोळ्यांचा येशू पाहिला, मग माझी पट्टी वाचली, आणि मंडळींची सभा भरवली.

"आंटी युलाली," ती म्हणाली, "ज्या हातांनी हे लाकूड तोडलं, ते आपल्याच पणजोबांचे हात असतील. आणि त्यांच्या मालकाच्या नावाला पाठ टेकून तुम्ही मुक्तीची गाणी म्हणता. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," युलालीबाई म्हणाल्या. "दर रविवारी मी त्याच्याकडे पाठ करून बसते. दोन तास. त्याला काय वाटत असेल याचा विचार कर."

लोक हसले. मार्व्हा हसली नाही. "मिशनऱ्यांनी आपल्याला अर्धाच देव दिला, आंटी. आज्ञा पाळणारा अर्धा."

"खरं आहे, पोरी. उरलेला अर्धा मला माझ्या आजीने चुलीपाशी दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला गाळलेलं कळलंच नाही. तुला एडिनबरात कुठला अर्धा मिळाला?"

"मुद्दा तो नाही. हा बाक देवाच्या घरात नको. लंडनचं एक संग्रहालय गुलामगिरीवर प्रदर्शन भरवतंय. त्यांना जमैकाच्या महोगनीचा बाक हवाच आहे. काचेमागे राहील. सगळं जग पाहील."

"काचेमागे? म्हणजे मी बसायचं कुठे?"

"खुर्चीवर. सगळे बसतात तसं."

आता हसायला कुणी उरलं नाही. युलालीबाई मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं थांबले होते मी या जागेसाठी. मला स्वर्गातल्या जागेची एवढी घाई नव्हती."

पास्टर बेनेट म्हणाले, हा निर्णय आपण प्रार्थनेवर सोडू. मग सगळ्यांनी डोळे मिटले, आणि डोळे उघडल्यावर हात वर करून मतं दिली. मला संग्रहालयात पाठवायचं ठरलं. संग्रहालयाच्या बाई १५ एप्रिलला, सोमवारी, न्यायला येणार होत्या. युलालीबाईंना माझ्यावर बसायला तोवरचे रविवारच उरले होते.  त्या बॅग थोडी आणखी कडेला ठेवू लागल्या.

शेवटचा रविवार, १४ एप्रिल १९९१. तो बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा दिवस होता, आणि दुपारचा हॉल बौद्ध मंडळींनी घेतला होता. ती मंडळी वेळेवर आली. ख्रिस्ती मंडळी मात्र वेळेवर थांबणारी नव्हती. ज्याच्या अंगात पवित्र आत्मा संचारला आहे त्याला घड्याळ दाखवता येत नाही. बाहेर बोचरा वारा, पातेल्यांत पुरी-भाजी निवते आहे, कुणाच्या काखेत बाबासाहेबांचा फोटो. शेवटी पास्टरनीच खूण करून सगळ्यांना आत घेतलं आणि मागे उभं केलं.

त्यांच्यात बबनराव होते. औरंगाबादकडचे. एअरपोर्टवर विमानांच्या दुरुस्तीचे इंजिनिअर. स्वाभिमान या विषयावर ते तीस वर्षं भाषणं देत आले होते, आणि त्या दिवशीचं भाषणही त्यांचंच होतं. त्यांचा एक गुडघा दुखरा होता. त्यांची बायको शैलाताई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या, त्यांना म्हणाल्या, "अहो, उभे किती वेळ राहणार? तिकडे फ्रंटला अख्खा बाक एम्प्टी आहे. जाऊन बसा."

"सर्व्हिस चालूय ना गं."

"सर्व्हिसला बसलेलेच असतात लोक. जा तुम्ही."

बबनराव लंगडत पुढे आले आणि माझ्यावर, पट्टीला पाठ टेकून, बसले. गाणं चालू होतं, तरी मला हॉलभर श्वास थांबल्याचं ऐकू आलं. ब्रदर सेसिल लगबगीने आले, वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "माफ करा सर, ही जागा राखीव आहे."

 बबनरावांनी टोपी उचलली, पिशवी उचलली आणि ते उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढला आणि आपण बसलो होतो ती जागा पुसली.

पुसता पुसताच त्यांचा हात थांबला. हॉलमधल्या जमैकाच्या लोकांना वाटलं, गृहस्थ फार स्वच्छ आहेत. पण मागे उभ्या असलेल्या मराठी मंडळींत कुणी हललं नाही. शैलाताई माणसांमधून वाट काढत पुढे आल्या.

"अहो, काय करताय? रुमाल खिशात घाला आधी!"

"हात आपोआप गेला गं," बबनराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "शाळेत मी दाराबाहेर पोत्यावर बसायचो. सुटताना जागा पुसून जायची, असा मास्तरांचा नियम होता. पन्नास वर्षं झाली. मला वाटलं होतं, गेलं ते."

त्यांच्यामागून आलेली सीमा, त्यांची इथेच जन्मलेली कॉलेजातली मुलगी, वडिलांच्या हाताकडे बघत राहिली. "बाबा, पण तुमचा सीट डर्टी नव्हता," ती म्हणाली. "मग का पुसला?" 

युलालीबाईंना मराठी येत नव्हती. पण रुमाल त्यांनी पाहिला होता. गाणं आपोआप विरलं. त्यांनी त्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ब्रदर सेसिल, ही जागा राखीव आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ब्रदर सेसिल गोंधळले. "तुम्हीच, सिस्टर."

"मी कधी सांगितलं?"

"तोंडाने नाही सांगितलंत. पण बॅग…"

युलालीबाईंनी हँडबॅग उचलली आणि जमिनीवर ठेवली. सात वर्षांत ती बॅग कधी जमिनीला लागली नव्हती. मग त्या सरकल्या, पट्टीच्या अगदी जवळ आल्या आणि शेजारची जागा हाताने थोपटली. "बसा, मिस्टर."

"नको मॅडम, मी उभाच बरा आहे," बबनराव म्हणाले.

"मीसुद्धा असंच म्हटलं होतं," युलालीबाई म्हणाल्या. "आणि उशी जागेवर ठेवून गेले होते. बरी वगैरे काही नव्हते. बसा."

बबनराव बसले. शैलाताई बसल्या. सीमा बसली. पाचव्या जागेकडे बघत युलालीबाई मार्व्हाला म्हणाल्या, "तुला काय वेगळं आमंत्रण पाहिजे?" मार्व्हा आली आणि टोकाला बसली. पाच माणसं एकदम माझ्यावर बसण्याची ती पहिलीच वेळ. मी करकरलो. लोकांना वाटलं जुन्या लाकडाचा आवाज आहे. तसाच असेल.

दोन्ही कार्यक्रम त्या दिवशी एकमेकांत मिसळले. तळलेले मासे आणि पुरी-भाजी एकाच टेबलावर आली. बबनरावांनी भाषण केलं, पण लिहून आणलेलं नाही. जेवताना युलालीबाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्या लोकांनी तो जुना धर्म सोडूनच दिला म्हणे?"

"हो. दारातच बसवत होते, मग म्हटलं घरच सोडू."

"आम्ही नाही सोडलं. घर देवाचं होतं, मालक उगाच शिरून बसला होता."

"म्हणजे आम्ही घर सोडलं, आणि तुम्ही घरमालकालाच बाहेर काढलंत," बबनराव म्हणाले.

"काढलं खरं," युलालीबाई म्हणाल्या, "आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. हा मासा घ्या, काटा नाही."

मार्व्हा ऐकत होती. ती म्हणाली, "आंटी, बाक राहू दे. मी उद्या त्या बाईंना नाही म्हणून सांगते."

"शब्द दिलाय तो मोडायचा नाही," युलालीबाई म्हणाल्या. "मला आता कुठेही बसता येईल." पण निघताना त्यांनी हातमोजे काढून माझ्या हातावरून हात फिरवला, आणि तो बराच वेळ फिरवला.

मित्रांनो, माझं आत्मवृत्त मी इथेच संपवणार होतो. उपदेशही तयार होता. जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका, त्यांना मेण लावा, कोरडं फडकं फिरवा. आणि ज्या जागेवरून तुम्हाला एकदा उठवलं होतं ती जागा मिळालीच, तर जरा सरकून बसा. देवाच्या घरात किंवा देव नसलेल्या घरातही बॅगेची जागा खालीच असते. हे मी मनापासून सांगतो. गुलामांच्या घामातून घडलेल्या महोगनीला ते सांगण्याचा अधिकार आहे, असं मला वाटत होतं.

सोमवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. सोबत गाडी, दोन हमाल आणि एक भिंग. पास्टर, मार्व्हा आणि युलालीबाई हजर होते. बाईंनी पट्टीचे चार स्क्रू काढले आणि पट्टी उचलली. खालचं लाकूड फिकट पिवळं होतं.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला उलटं केलं, भिंगातून पाहिलं, नखाने खरवडलं. पट्टी अस्सल होती. तिचा मूळ बाक थॉर्नबरी कुटुंबाने वॉरविकशरला जाताना बहुधा सोबत नेला असावा, आणि पट्टी काढून दुसऱ्या बाकाला लावून दिली असावी, असं त्यांचं मत पडलं. माझ्या बुडाखाली कारखान्याचा शिक्का होता. संग्रहालयाने पट्टी नेली आणि मला ठेवून दिलं.

"पण आंटी बसायच्या ती जागा…" मार्व्हा म्हणाली.

"जागा रुंद आहे," युलालीबाई म्हणाल्या आणि बसल्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी माझ्यावर पाच जण बसतात, दुपारीही पाच. स्क्रूंची चार भोकं तेवढी राहिली आहेत. मी साध्या, स्वस्त पाइनचा आहे, वरून महोगनीचा रंग दिलेला. वॉटफर्डच्या एका कारखान्यात बनलो. जमैकाला मी कधीही गेलेलो नाही.